उजव्या बटणाचे डावे उद्योग

माऊसचं डावं बटण गरीब स्वभावाचं. दाबलं की काम करून मोकळं होतं. उजवं बटण चौकस. ते दाबलं की आधी विचारणार, "काय करायचंय? हे करू, ते करू, का तिसरंच काही?" आणि उत्तराची वाट बघत पर्यायांचा एक लांबलचक कागद आपल्यापुढे उलगडून ठेवणार. यात वाईट काही नाही. वाईट एवढंच, की त्या कागदावर काय असावं हे ठरवायला अख्खी दुनिया येते, आणि ज्याच्या बोटाखाली ते बटण आहे त्याला कुणी विचारत नाही.

डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत जे गाजलेलं प्रात्यक्षिक दिलं, त्यातल्या माऊसला तीन बटणं होती. ॲपलने १९८३ साली लिसा संगणकाबरोबर एकाच बटणाचा माऊस दिला आणि तो हट्ट थेट २००५ पर्यंत, मायटी माऊस येईपर्यंत, टिकवला. लोकांना निवडायला लावलं की लोक गोंधळतात, अशी त्यामागची धारणा. ॲपलवाल्यांच्या त्या बावीस वर्षांच्या हट्टाला मी पूर्वी हसायचो. हल्ली हसत नाही. आम्ही विंडोजवाले २४ ऑगस्ट १९९५ पासून, म्हणजे विंडोज ९५ आल्यापासून, दिसेल त्यावर उजवं बटण दाबतोय आणि पुढे आलेल्या कागदावर आपल्याला हवी ती ओळ शोधतोय.

शोधतोय म्हणजे खरोखरच शोधतोय. लग्नपत्रिकेत वधूवरांची नावं सापडायला जसा वेळ लागतो, तसा. वर कुलदैवतं, मग आजोबा-पणजोबा, मग 'आपले विनीत', 'स्नेहांकित', 'कार्यवाहक', दोन्हीकडचे मामा, आणि तळाशी 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी किलबिल. एकाचं नाव गाळलं तरी रुसवा, म्हणून सगळे छापायचे. माझ्या संगणकावरही कुणी रुसलेलं नव्हतं. फाइलींचं गाठोडं बांधणारा एक प्रोग्रॅम होता, त्याने चार ओळी अडवल्या होत्या: गाठोडं बांधू; याच नावाने गाठोडं बांधू; गाठोडं बांधून ईमेल करू; याच नावाने गाठोडं बांधून ईमेल करू. मुदत संपलेल्या एका अँटीव्हायरसची 'तपासून पाहू' ही ओळ होती. ती दाबली की फाइलीऐवजी तो माझं पाकीट तपासायचा. व्हिडिओ दाखवणारा एक प्रोग्रॅम प्रत्येक फोल्डरला 'प्लेलिस्टमध्ये घ्या' म्हणायचा. घरपट्टीच्या पावत्यांचा फोल्डर प्लेलिस्टमध्ये घेऊन तो काय वाजवणार होता, त्यालाच ठाऊक. 'सेंड टू'मध्ये फॅक्स होता. आमच्या घरात फॅक्स मशीन कधीही नव्हतं, पण सोय होती.

शिवाय काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्याही ओळी होत्या. प्रोग्रॅम गेला, जाताना 'आपल्याला मिस करू' असा निरोपाचा फॉर्म भरून घेऊन गेला, पण मेन्यूतली ओळ मागे ठेवून गेला. ती दाबली की कुठली तरी फाइल सापडत नाही अशी तक्रार यायची, आणि तीही माझ्याकडेच.

या गर्दीचा दुसरा त्रास वेळेचा. आपण उजवं बटण दाबतो तेव्हा फाइली-फोल्डर दाखवणारा विंडोजचा एक्सप्लोरर या मंडळींना एकेक करून जागं करतो आणि विचारतो, "प्रस्तुत फाइलसंदर्भात आपलं काही म्हणणं?" बहुतेकांचं असतंच. त्यातला एखादा उत्तर द्यायला वेळ लावू लागला तर सगळा मेन्यू ताटकळतो, माऊसच्या बाणाशेजारी ते निळं कडं गरागरा फिरत राहतं, आणि आपण बिचारे बटणच नीट दाबलं गेलं नाही असं समजून पुन्हा दाबतो. मग दोन मेन्यू येतात. निदान येऊन जातात. या मंडळींची हजेरी घेणारं शेलएक्सव्ह्यू नावाचं नीरसॉफ्टचं एक छोटं, फुकट हत्यार आहे. त्यात कोण कोण येऊन बसलंय याचा तक्ता दिसतो, नको त्याला तिथल्या तिथे गप्प करता येतं. मी ते उघडलं तेव्हा तक्ता खाली सरकवता सरकवता माझंच बोट दुखलं.

पण मला नुसती माणसं हाकलायची नव्हती. मला माझी एक ओळ आत घालायची होती, आणि खरी कथा तिची आहे.

मी एका दिवाळी अंकाला दरवर्षी हातभार लावतो. हातभार म्हणजे लेखकांकडून ईमेलने आलेलं साहित्य फोल्डरांत लावायचं आणि काय काय आलंय त्याची यादी संपादकांना धाडायची. संपादकांना आम्ही सगळे 'सर' म्हणतो. ते कागदावरची यादी मागतात, पेनाने खुणा करतात आणि खुणा केलेल्या कागदाचा फोटो काढून मला पाठवतात. लेखकमंडळी फाइलींना नावं देण्यात सढळ. 'कथा फायनल', 'कथा फायनल नवी', 'कथा – हीच घ्यावी', 'कविता (कृपया आधीची रद्द समजावी)', आणि एका ज्येष्ठांकडून नुसतंच 'माझा लेख'. ही सगळी नावं मी हाताने टंकत बसायचो. फोल्डरवर उजवं बटण दाबावं आणि मेन्यूत 'नावांची यादी' अशी ओळ असावी, तिच्यावर टिचकी मारली की आतल्या सगळ्या फाइलींची नावं एका फाइलीत उतरावीत, एवढीच माझी अपेक्षा.

भाच्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मामा, त्यात काय! रजिस्ट्रीत टाक की."

हा 'टाक की' ज्या सुरात आला, त्या सुरात आमच्या पिढीने फक्त 'चहा टाक की' ऐकलेलं आहे. प्रत्यक्षात रजिस्ट्री ही विंडोजची सगळी कुंडली. कुठली फाइल कशाने उघडायची, कुठल्या मेन्यूत काय दाखवायचं, घड्याळ कुठल्या गावचं धरायचं, सगळं तिच्यात. तिची सुरुवात १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये झाली तेव्हा ती लहानशी होती, फाइलींची नाती सांभाळण्यापुरती. विंडोज ९५ पासून सगळा प्रपंच तिच्यावर आला. 'रेजएडिट' असं टंकून ती उघडली की आधी पडदा काळवंडतो आणि विंडोज विचारतं, या ॲपला तुमच्या संगणकात बदल करू द्यायचे का? होय म्हटलं की डाव्या बाजूला पाच फोल्डर, पाचांचीही नावं 'एचकी'ने सुरू होणारी आणि ठणठणीत मोठ्या अक्षरांत. एकात शिरलं की आत हजारो. नावं अशी की वाचून काही उलगडू नये, पण पुसायची हिंमतही होऊ नये.

या रेजएडिटचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्यात 'सेव्ह' नाही. लिहिलं की झालं, त्याच क्षणी. आणि 'अनडू'ही नाही. कंट्रोल-झेडच्या भरवशावर उभं आयुष्य काढलेल्या माणसाला हे कळतं तेव्हा पाठीतून एक कळ जाते. म्हणून रजिस्ट्रीबद्दल मार्गदर्शन करणारा प्रत्येक जण आधी 'बॅकअप घ्या, बरंवाईट झालं तर आम्ही जबाबदार नाही' असं बजावतो आणि मग लगेच पुढच्या वाक्यात अत्यंत धोक्याचं काहीतरी करायला सांगतो. मीही बॅकअप घेतले. 'रजिस्ट्री बॅकअप', 'रजिस्ट्री बॅकअप बदलाआधी', 'रजिस्ट्री बॅकअप – हाच खरा'. लेखकमंडळींबद्दल वर जे बोललो ते थोडं सौम्य करून घ्यावं.

मला ही भीती उगीच नव्हती. विंडोज एक्सपीच्या काळात मी ज्या कचेरीत होतो तिथे एका उत्साही सहकाऱ्याने फोल्डरच्या मेन्यूत स्वतःची एक ओळ घातली होती. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या संगणकावर कुठल्याही फोल्डरवर दोनदा टिचकी मारली की फोल्डर उघडायचा नाही, शोधायची खिडकी उघडायची. समोर दिसणाऱ्या फोल्डरवर टिचकी मारावी आणि संगणकाने विचारावं, काय शोधताय? साहेबांनी ते पाहिलं आणि त्याला व्हायरस ठरवून मशीन भिंतीकडे तोंड करून ठेवलं. दुखणं अगदी किरकोळ होतं. मेन्यूत नवी ओळ आली की दोन टिचक्यांना आपण नेमकं काय करायचं, याचा तेव्हाच्या विंडोजचा घोटाळा व्हायचा. 'डिरेक्टरी' या नोंदीखालच्या 'शेल'मध्ये मूळ किंमत (म्हणजे नोंदीत भरलेला मजकूर) म्हणून इंग्रजीत 'नन' लिहिलं की सगळं ठीक. 'काही नाही' असं लिहिल्यावर सगळं ठीक होणं, हा रजिस्ट्रीशी झालेला माझा पहिला परिचय. पुढेही ती याच वळणावर भेटत राहिली.

असो. ओळ घालायची तर कुठे घालायची? फाइलींसाठी वेगळी जागा, आणि तिचं नाव नुसती चांदणी. फोल्डरांसाठी 'डिरेक्टरी'. पण 'फोल्डर' नावाची जागा पुन्हा वेगळीच, कारण कंट्रोल पॅनेलसारख्या मंडळींना फोल्डर म्हणतात पण डिरेक्टरी म्हणत नाहीत. फोल्डरच्या आत रिकाम्या जागेवर बटण दाबलं तर 'डिरेक्टरी'च्या पोटातलं 'बॅकग्राउंड'. ड्राइव्हसाठी 'ड्राइव्ह'. आणि सरसकट सगळ्यांसाठी एक चौदाखडी नाव आहे ते सोडून देतो. फोल्डरवर बटण दाबलं तर त्याचा पत्ता 'टक्के एक' असा मिळतो. रिकाम्या जागेवर दाबलं तर 'टक्के एक' चालत नाही, 'टक्के व्ही' लागतं. का, असं भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मामा, तुला यादी पाहिजे की इतिहास?"

एक गोष्ट मात्र मला पटली. 'एचकी क्लासेस रूट' म्हणून जो थोरला फोल्डर दिसतो, त्यात त्याचं स्वतःचं असं काही नाहीच. सगळ्या मशीनसाठीच्या नोंदी आणि तुमच्या एकट्याच्या नोंदी, अशा दोन ठिकाणच्या नोंदी एकत्र करून तो दाखवतो. आणि दोघांत मतभेद झाले तर तुमच्या एकट्याचं म्हणणं वरचढ ठरतं. घरी किंवा कचेरीत असा अनुभव कुठेही न आल्यामुळे मी हे दोनदा वाचलं. शिवाय आपल्या एकट्याच्या नोंदींत लिहायला ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगीही लागत नाही. मी तिथेच लिहायचं ठरवलं.

थेट रजिस्ट्रीत हात घालण्यापेक्षा नोटपॅडमध्ये एक छोटी फाइल लिहावी आणि ती टिचकी मारून रजिस्ट्रीत जिरवावी, हा सुज्ञांचा मार्ग. पहिल्या ओळीत 'विंडोज रजिस्ट्री एडिटर व्हर्जन ५.००' असं इंग्रजीत लिहायचं. हे मंगलाचरण. त्यात एक अक्षर इकडेतिकडे झालं तर पुढचं पारायण फुकट. मग चौकटी कंसात जागेचा पत्ता. मग मेन्यूत दिसायचं नाव. मग हुकूम. हुकमात जिथे तिरकी रेघ येईल तिथे दोन रेघा, आणि जिथे अवतरणचिन्ह येईल तिथे त्याच्या आधी एक तिरकी रेघ. म्हणजे 'या फोल्डरमधली नावं काढ आणि यादी नावाच्या फाइलीत ओत' एवढं एक वाक्य लिहून होईस्तोवर पानभर कुंपण घातल्यासारखं दिसू लागलं. फाइल सेव्ह केली, टिचकी मारली. विंडोजने बजावलं की यामुळे किमती बदलू शकतात, पुसल्या जाऊ शकतात, काही भाग नीट चालेनासे होऊ शकतात, आणि ही फाइल कुठून आली यावर तुमचा विश्वास नसेल तर पुढे जाऊ नका. फाइल माझ्याकडूनच आलेली होती. तरीही मी जरा वेळ थांबलो.

मग फोल्डरवर उजवं बटण दाबलं. मेन्यूत माझी ओळ नाही.

इथे विंडोज ११ चा एक कारभार सांगायला हवा. त्यात मेन्यूची गर्दी आवरली आहे. नव्या मेन्यूत नव्या रीतीने नोंदवलेल्या ओळीच येतात. माझ्यासारख्या जुन्या वळणाने रजिस्ट्रीत लिहिलेल्या ओळींना तळाच्या 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागे बसवलं आहे. ते दाबलं, किंवा शिफ्ट धरून एफ-१० दाबलं, की मागचा जुना मेन्यू साग्रसंगीत बाहेर येतो, फॅक्ससकट. म्हणजे गर्दी कमी झालेली नाही, तिच्यापुढे पडदा टांगला आहे. आणि पडद्याच्या पुढे 'कट', 'कॉपी', 'पेस्ट' यांची नुसती चित्रं. इतकी वर्षं अक्षरांत वाचलेला 'कॉपी' आता दोन कोऱ्या कागदांच्या चित्रावरून ओळखायचा. पुढे २०२४ च्या २४एच२ आवृत्तीत त्या चित्रांखाली शब्द आले, तेव्हा माझ्या बरोबरीच्या बऱ्याच लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार.

तर पडदा बाजूला केला. मागे माझी ओळ होती. तिथे लिहिलं होतं ते मी इथे छापू शकत नाही, कारण ते कुठल्याच भाषेत नव्हतं. डोक्यावर तिरकी रेघ असलेले फ्रेंच 'ए' रांगेने उभे, त्यांच्या मधे मधे चार काटे फुटलेली वर्तुळं, आणि दोन ठिकाणी जपानी येन व त्याला लागून युरो.

सौ. मागून बघत होती. म्हणाली, "अहो, हे पैसे कसले मागतायत? काही दाबू नका. आधी बँकेचा मेसेज आलाय का बघा."

पैसे कुणी मागत नव्हतं. झालं होतं ते असं. नोटपॅड २०१९ पासून आपल्या मनाने, अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीने फाइल ठेवतं. या पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण, मग ते अक्षर असो, काना असो की अनुस्वार, तीन बाइट घेते. रजिस्ट्रीत आयात करणारी यंत्रणा मात्र त्या फाइलीकडे जुन्या पश्चिम युरोपीय कोष्टकातून बघते, आणि त्या कोष्टकात एक बाइट म्हणजे एक अक्षर. त्यामुळे माझ्या 'नावांची यादी'तल्या अकरा खुणा आणि मधली मोकळी जागा यांची चौतीस चिन्हं झाली. देवनागरीचा पहिला बाइट कायम तोच, म्हणून प्रत्येक खुणेमागे एक फ्रेंच 'ए'. दुसरा बाइट दोहोंपैकी एक. स्वर, व्यंजनं, काना आणि ऱ्हस्व वेलांटी या मंडळींना मिळतं ते काटेरी वर्तुळ, जे चलनाचं सर्वसाधारण चिन्ह आहे, कुठल्याच देशाचं नाही. दीर्घ वेलांटीपासून पुढे उकार, मात्रा, हलन्त, सगळ्यांना जपानी येन. आणि दीर्घ वेलांटीचा तिसरा बाइट नेमका युरोच्या घरात पडतो.

माझ्या नावात दीर्घ वेलांट्या दोन, एक 'ची'ची आणि एक 'दी'ची. म्हणून दोन येन, दोन युरो. 'यादि' अशी ऱ्हस्व लिहिली असती तर तिथले येन-युरो दोन्ही वाचले असते आणि त्याबदल्यात काटेरी वर्तुळ आणि उलटं प्रश्नचिन्ह मिळालं असतं. शाळेत आमचे मराठीचे मास्तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला अर्धा गुण कापायचे. इतक्या रोखठोक परकीय चलनात शुद्धलेखनाचा हिशेब त्यांनाही दाखवता आला नसता.

उपाय सोपा निघाला. नोटपॅडच्या 'सेव्ह ॲज'मध्ये खाली एन्कोडिंगचा खण असतो, तिथे यूटीएफ-१६ एलई निवडायचं. रजिस्ट्री स्वतःच्या फाइली बाहेर काढते तेव्हा त्याच पद्धतीने काढते, पण आत घेताना समोरच्याला ते सांगत नाही. पुन्हा टिचकी, पुन्हा तीच ताकीद, आणि पडद्यामागच्या मेन्यूत स्वच्छ देवनागरीत 'नावांची यादी'. वर इंग्रजी, खाली इंग्रजी, मधे आपली ओळ. मी भाच्याला स्क्रीनशॉट पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

आता तिला पडद्याबाहेर आणायचं होतं. यासाठी एक मंत्र प्रसिद्ध आहे. आपल्या एकट्याच्या नोंदींत महिरपी कंसात बत्तीस अंक-अक्षरांचं एक नाव असलेली नोंद करायची, तिच्या पोटात 'इनप्रॉकसर्व्हर३२' नावाची दुसरी, आणि या दुसरीत जी मूळ किंमत असते ती रिकामी ठेवायची. आता गंमत बघा. नोंद केली की तिथे आपोआप दिसतं, 'किंमत ठेवलेली नाही'. म्हणजे रिकामीच की! पण नाही. हे न ठेवलेलं रिकामं. मंत्राला लागतं ठेवलेलं रिकामं. त्यासाठी त्या ओळीवर दोनदा टिचकी मारायची, उघडलेल्या खणात काहीही न लिहिता, गंभीर चेहऱ्याने, 'ओके' दाबायचं. मग 'किंमत ठेवलेली नाही' हे शब्द नाहीसे होतात आणि त्या जागी काहीच उरत नाही. हे काहीच नाही म्हणजे खरं काहीच नाही. आमच्याकडे शून्यावर पुष्कळ चिंतन झालेलं आहे, पण 'ओके' दाबून शून्याची प्रतिष्ठापना करायची, हे आमच्या कुणा आचार्यांनी सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही.

हे मी एका मित्राला सांगितलं आणि त्यालाही जुना मेन्यू हवासा वाटला. बत्तीस अक्षरं मेसेजने पाठवली. त्याचा फोन आला, "अरे, चष्मा एकच आहे. मोबाइल बघू की कॉम्प्युटर? तू वाच, मी लिहितो."

"आठ, सहा, सी..."

"ई?"

"सी. सी. सीताफळातला."

"सीताफळ एसने लिहितात."

"बरं, चहातला सी."

"मग एच पण घेऊ का?"

"एच नाही! नुसता सी. मग ए, एक, ए, ए, शून्य."

"ओ?"

"ओ नाही, शून्य. यात ओ नसतोच. एफच्या पुढचं अक्षरच येत नाही यात."

"का?"

शून्य ते नऊ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांत मोजायची पद्धत फोनवर समजावून सांगायची माझी तयारी होती, त्याची नव्हती. आठ अक्षरांचा पहिला गट आमचा तिकडच्या चहाबरोबर झाला. उरलेली चोवीस अक्षरं त्याच्या सुनेने ईमेल उघडून उचलून चिकटवली, आणि तो मला म्हणाला की तुझ्यापेक्षा हिलाच विचारायला हवं होतं.

नोंद झाली की एक्सप्लोरर बंद करून पुन्हा सुरू करायचा असतो. टास्क मॅनेजरमध्ये तशी सोय आहे. तो बंद होतो तेव्हा खालची पट्टी, आयकॉन, सगळं क्षणभर गडप होतं आणि नुसता वॉलपेपर उरतो. आमच्या वॉलपेपरवर नातीचा फोटो आहे. तो असा निर्वेध पूर्ण दिसलेला मी प्रथमच पाहिला. मग सगळं परत आलं, उजवं बटण दाबलं, आणि जुना मेन्यू एका फटक्यात उभा राहिला. गाठोडंवाल्याच्या चारही ओळी मी शेलएक्सव्ह्यूमधून गप्प केल्या. ज्या ओळी साध्या नोंदीच्या होत्या त्यांना हाकललं नाही. त्यांच्यात इंग्रजीत 'एक्स्टेंडेड' नावाची एक रिकामी नोंद ठेवली. मग ती ओळ एरवी दिसत नाही, शिफ्ट धरून उजवं बटण दाबलं तरच दिसते. रिकामं ठेवण्यात मी आता तरबेज झालो होतो. फॅक्स तर रजिस्ट्रीतही नव्हता. 'सेंड टू' हा साधा फोल्डर निघाला, रनच्या खणात 'शेल:सेंडटू' टंकलं की उघडणारा; त्यातून फॅक्स उचलला आणि टाकला. इतक्या वर्षांच्या सोबत्याला निरोप द्यायला एक डिलीट पुरलं.

एक किरकोळ अडचण उरली होती. अंकाच्या फोल्डरमधले सगळे लेख निवडून एकदम छापायला टाकावेत तर मेन्यूतून 'ओपन' आणि 'प्रिंट' दोन्ही गायब. पंधरापर्यंत फाइली निवडल्या तर हजर, सोळावी निवडली की फरार. एकदम शंभर फाइली उघडून लोकांनी संगणक लोळवू नये म्हणून ही मर्यादा आहे, आणि तिचाही आकडा रजिस्ट्रीतच असतो. त्या आकड्याचा खण मुळात त्याच सोळा चिन्हांच्या पद्धतीत उघडतो. तिथे भाबडेपणाने १६ लिहिलं तर त्याचे बावीस होतात. मी अठ्ठावीस लेखांसाठी जागा केली आणि पुढे गेलो. दिवाळी अंकात त्याहून जास्त लेख घेतले की जाहिरातींना जागा राहत नाही, असं सरच म्हणतात.

शेवटी 'नावांची यादी' दाबली. हुकूम बजावणारी काळी खिडकी डोळा मिचकावल्यासारखी आली-गेली. यादी नावाची फाइल तयार. उघडली तर ओळीने प्रश्नचिन्हं, प्रत्येक नावाच्या लांबीइतकी. 'कविता (कृपया आधीची रद्द समजावी)' हे फक्त कंसावरून ओळखता आलं. काळ्या खिडकीला फाइलीत लिहिताना देवनागरी येत नाही, तिला हुकमात 'यू' घालून सांगावं लागतं की बाई, युनिकोडमध्ये लिही. सांगितलं. नावं आली. 'कथा फायनल', 'कथा फायनल नवी', 'कथा – हीच घ्यावी', सगळे लेखक आपापल्या निर्धारासह हजर. मी ती तशीच सरांना पाठवली.

या हुकमाची एक खोड आहे. यादी लिहायला घ्यायच्या आधी ती फाइल तयार व्हावी लागते. म्हणजे नावं गोळा करायला सुरुवात होते तेव्हा यादीची फाइल त्या फोल्डरमध्ये आधीच येऊन बसलेली असते, आणि इतर नावांबरोबर तिचंही नाव यादीत उतरतं.

संध्याकाळी सरांनी खुणा केलेल्या कागदाचा फोटो पाठवला. 'माझा लेख' याच्यापुढे मोठं प्रश्नचिन्ह होतं. 'कथा – हीच घ्यावी' याच्यापुढे 'का?' असं लिहिलेलं होतं. आणि तळाला 'यादी' या नावाभोवती लाल गोल. पाठोपाठ फोन आला.

"अहो, हा 'यादी' नावाचा लेख कुणाचा? बाकीचे सगळे मिळाले, हा एवढा आला नाही."

मी सांगायला सुरुवात केली, "सर, ते काय होतं, यादी करायच्या आधी यादीची फाइल..."

"शीर्षक चांगलं आहे," सर म्हणाले. "आशयगर्भ आहे. मी दोन पानं राखून ठेवतो. लेखकाला सांगा, दसऱ्याच्या आत पाठवा."